घड्याळ मजले मोजायला शिकलं आणि चाळीतले जिनेच निघाले. घोडपदेवच्या जिन्याचा हिशेब नेमका आहे काय?

समजा, तुम्ही घोडपदेवला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता. लिफ्ट नाही. सकाळी दूध आणायला उतरलात, चढलात. कामावर जाताना भायखळा स्टेशनचा पूल, येताना पुन्हा पूल, मग घरचे तीन मजले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या फोनमधलं हेल्थ ॲप उघडलं तर आकडा दिसतो : मजले दहा. बरं वाटतं.

त्याच घरात तुमची आई. सकाळी भाजीला खाली, दुपारी नातवंडाला शाळेच्या गाडीवरून आणायला खाली, संध्याकाळी गिरणीत दळण टाकायला खाली आणि तासाभराने ते आणायला पुन्हा खाली. चार फेऱ्या, त्यातल्या एका फेरीत हातात पाच किलो पिठाचा डबा. तिचा फोन दिवसभर टीव्हीशेजारी चार्जिंगला. तिच्या फोनमधला आकडा : शून्य.

हा आकडा हल्ली सगळीकडे आहे. 'रोज पाच जिने चढा, हार्ट अटॅकचा धोका वीस टक्क्यांनी कमी करा' अशी रील तुमच्याही फीडवर आली असेल. त्यामागचं संशोधन खोटं नाही. पण ते कुणावर झालं, कशाने मोजलं आणि त्यातलं किती घोडपदेव, लालबाग, परळच्या जिन्यांना लागू होतं, हे रीलच्या तीस सेकंदांत बसत नाही. त्यात आपल्याकडे गंमत अशी झालीये की मनगटावरचं घड्याळ मजले मोजायला शिकलं ते नेमकं याच काळात, जेव्हा या भागातल्या चाळी पडून टॉवर उभे राहतायत आणि जिने चढणं बंद होतंय.

आधी हे मोजतात कसं ते बघू.

घड्याळाला जिना दिसतच नाही

त्याला दोन गोष्टी कळतात. तुम्ही पावलं टाकताय का, आणि आजूबाजूच्या हवेचा दाब कमी होतोय का.

पावलांसाठी ॲक्सेलरोमीटर असतो. शरीराला बसणारे हिसके तो टिपतो. हा सेन्सर आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. दाबासाठी बॅरोमीटर लागतो आणि खरा खेळ त्याचाच आहे. आपण जितके वर जाऊ तितका हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीजवळ, म्हणजे मुंबईत, एक मीटर वर गेलं की दाब साधारण १२ पास्कलने उतरतो. तीन मीटरचा एक मजला धरला तर ३६ पास्कल. एकूण दाब असतो एक लाखाहून थोडा जास्त. म्हणजे लाखातला छत्तिसाचा फरक तो ओळखतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपसाठी हे काम साधं नाही.

फिटबिटने २०११ मध्ये 'अल्ट्रा' नावाच्या उपकरणात असा सेन्सर टाकून मजले मोजायला सुरुवात केली. ॲपलने २०१४ मध्ये आयफोन ६ मध्ये बॅरोमीटर दिला आणि तेव्हापासून हेल्थ ॲपमध्ये चढलेल्या मजल्यांचा आकडा दिसायला लागला. जवळपास सगळ्याच कंपन्यांचा हिशेब सारखा आहे : सुमारे तीन मीटर, म्हणजे दहा फूट उंची चढलात की एक मजला.

आता प्रश्न असा की हवेचा दाब तर हवामानानेही बदलतो. मुंबईत एखाद्या साध्या, कोरड्या दिवशीसुद्धा दाब दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि हा फरक सहज दोन-तीनशे पास्कल असतो. नुसत्या दाबावर भरवसा ठेवला तर पलंगावर लोळत पडूनही सहा-सात मजले चढून होतील! म्हणून यंत्र अट घालतं : दाब भरभर उतरला पाहिजे आणि त्याच वेळी पावलंही पडली पाहिजेत. लिफ्टने गेलात तर दाब उतरतो पण पावलं नसतात, म्हणून लिफ्ट बाद. सरकत्या जिन्यावर उभे राहिलात तरी बाद. पण त्याच सरकत्या जिन्यावरून चालत गेलात तर यंत्र फसतं आणि पूर्ण उंची तुमच्या खात्यात टाकतं. मलबार हिलचा चढ चालून गेलात तरी मजले मिळतात, तिथे एक पायरी नसली तरी.

हे झालं बॅरोमीटर असेल तर. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये तो बहुतेक वेळा नसतो. दोन-तीन हजारांच्या स्मार्टवॉचमध्येही क्वचितच असतो. त्यामुळे त्यावर पावलं दिसतात, हृदयाचे ठोके दिसतात, मजले दिसत नाहीत. विकत घेण्याआधी खोक्यावर 'बॅरोमीटर' किंवा 'अल्टिमीटर' हा शब्द शोधायचा. नसेल तर तुमच्या घड्याळाच्या लेखी तिसरा मजला आणि तळमजला एकच.

आणि जुन्या मुंबईचा एक वेगळाच घोळ आहे. यंत्राचा मजला दहा फुटांचा. ब्रिटिश काळातल्या कित्येक इमारतींची छतं त्याहून उंच आहेत. मजला बारा फुटांचा असेल तर तीन मजले चढल्यावर ३६ फूट होतात, म्हणजे यंत्राच्या भाषेत साडेतीन मजल्यांहून जास्त. त्यामुळे चाळीतल्या तीन मजल्यांचे कधी तीन दिसतात, कधी चार. तुमच्या फोनला वेड लागलेलं नाही, तुमचा बिल्डर उदार होता एवढंच.

बसमधला जिना

जिना आणि हृदय यांचा संबंध पहिल्यांदा नीट दिसला तो बसमध्ये.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, सुमारे ३१ हजार पुरुष, वय ३५ ते ६४. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं संशोधन छापून आलं. डबलडेकर बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून. त्याच बसचा कंडक्टर दिवसभर वर-खाली, एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. पगाराची पातळी, राहणीमान साधारण सारखं. तरी ड्रायव्हर मंडळींमध्ये हृदयविकार जास्त आणि हृदयविकाराने लवकर मरण्याचं प्रमाणही जास्त. व्यायाम आणि हृदय यांच्यावरच्या आजच्या सगळ्या संशोधनाची सुरुवात इथून मानतात.

मुंबईकराला इथे लगेच बेस्टची लाल डबलडेकर आठवेल. १९३७ मध्ये सुरू झालेल्या त्या जुन्या डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली. पण मॉरिसचा निष्कर्ष तिच्यावर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. आपल्या डबलडेकरमध्ये वरच्या आणि खालच्या मजल्याला वेगवेगळा कंडक्टर असायचा. लंडनचा एकटा कंडक्टर जेवढा जिना चढायचा तेवढा आपला चढत नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण परदेशी अभ्यास इथे आणताना अशाच बारक्या गोष्टी सुटतात.

मॉरिसच्या अभ्यासाला पुढे त्यांच्याच टीमने धक्का दिला. १९५६ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी होती, आणि तरुण वयातही मोठीच होती. म्हणजे जिन्याने कंडक्टरला सडपातळ ठेवलं, की सडपातळ माणसंच कंडक्टरच्या कामाकडे जास्त गेली? दोन्ही थोडं थोडं असणार. पण प्रश्न उभा राहिला आणि तो आजही प्रत्येक 'जिना चढा, जास्त जगा' बातमीच्या मागे उभा आहे.

ते वीस टक्के आले कुठून?

रीलमधला आकडा २०२३ च्या एका अभ्यासातला आहे. अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनच्या 'यूके बायोबँक'मधली साडेचार लाखांहून जास्त लोकांची माहिती वापरली आणि सरासरी साडेबारा वर्षं त्यांचं काय झालं ते पाहिलं. रोज पाचपेक्षा जास्त जिने, म्हणजे सुमारे ५० पायऱ्या चढणाऱ्यांमध्ये रक्तवाहिन्या आणि हृदयाच्या आजारांचा धोका साधारण २० टक्क्यांनी कमी दिसला. २०२४ मध्ये नऊ अभ्यास आणि ४ लाख ८० हजार लोकांची माहिती एकत्र करून आणखी एक आकडा आला : जिना चढणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका ३९ टक्के कमी.

मोठे आकडे आहेत. पण टुलेनच्या अभ्यासात एकही सेन्सर नव्हता. लोकांना फॉर्ममध्ये विचारलं होतं की घरी रोज साधारण किती जिने चढता? त्यांनी जे सांगितलं ते लिहून घेतलं. तुमच्या घड्याळातला आकडा आणि या अभ्यासातला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सेन्सर लावून केलेलं काम वेगळं आहे आणि मला ते जास्त रंजक वाटतं. सिडनी विद्यापीठाच्या इमॅन्युएल स्टामाटाकिस यांच्या गटाने २०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापला. व्यायाम न करणारे २५ हजार लोक, सरासरी वय ६२, मनगटावर ॲक्सेलरोमीटर. त्यांच्या दिवसात एक-दोन मिनिटांच्या जोरदार हालचाली किती येतात ते मोजलं. बससाठी पळणं, जड पिशव्या घेऊन भरभर चालणं, दमदार पावलांनी जिना चढणं, असं सगळं यात आलं. दिवसातून अशा तीन हालचाली करणाऱ्यांमध्ये, एकही न करणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका जवळपास ४० टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका जवळपास निम्म्याने कमी दिसला.

तीन वेळा, एक-एक मिनिट. दळणाच्या फेऱ्या आठवा.

मांडीला सेन्सर बांधला की अचूकता आणखी वाढते, कारण मांडीचा कोन जिन्यावर वेगळाच फिरतो. 'प्रोपास' नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने हेच केलं. २०२४ मध्ये त्यांनी पाच देशांतल्या १४,७६१ लोकांचा २४ तासांचा हिशेब आणि रक्तदाब जोडून पाहिला. दिवसात पाच मिनिटं जरी धावणं, सायकल किंवा जिना चढण्यासारख्या हालचालीत गेली तरी वरचा रक्तदाब सरासरी ०.६८ अंकाने कमी असेल, असा त्यांचा अंदाज. एकट्या माणसासाठी हा आकडा किरकोळ आहे, अख्ख्या लोकसंख्येसाठी नाही. त्या पाच देशांत भारत नाही. आणि आपल्याकडे २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या सर्वेक्षणानुसार १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि ३५ टक्क्यांहून जास्त प्रौढांना उच्च रक्तदाब.

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकू. जिन्याने वजन फार उतरत नाही. ६० किलोच्या माणसाने चाळीतले तीन मजले, म्हणजे साधारण ११ मीटर चढले, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सहा ते आठ कॅलरी खर्च होतात. एका वडापावसाठी हा जिना किती वेळा चढावा लागेल याचा हिशेब न केलेलाच बरा. फायदा आहे तो जोराचा. सावकाश जिना चढताना शरीर आरामापेक्षा चौपट काम करतं, भरभर चढताना जवळपास नऊपट. हृदय आणि फुप्फुसांना तेवढा एक मिनिटाचा झटका मिळतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१९ मध्ये बैठं काम करणाऱ्या तरुणांना ६० पायऱ्या दिवसातून तीनदा, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे भरभर चढायला लावल्या. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे पाच टक्क्यांनी वाढली.

म्हणूनच 'दहा हजार पावलं' हे माप जिन्यावर अन्याय करतं. तीन मजल्यांच्या पायऱ्या किती? साठ-सत्तर. दहा हजारांत त्या मोजायलाही कुणी थांबणार नाही. आपल्याकडे विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये आरोग्य विम्यात तंदुरुस्तीशी जोडलेल्या सवलतींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर काही कंपन्या ॲपवरची पावलं बघून प्रीमियममध्ये सूट देतात. सपाट बागेत तासभर रमतगमत चालणाऱ्याची पावलं भरतात. चार वेळा तिसरा मजला गाठणाऱ्या बाईची भरत नाहीत, आणि तिचा फोन तर चार्जिंगला आहे.

उतरणं कुणी मोजायचं?

ॲपलचा आणि फिटबिटचा मजल्यांचा आकडा फक्त चढलेले मजले सांगतो. उतरणं हिशेबातच नाही. दम लागत नाही, घाम येत नाही, मग मोजायचं कशाला, असा साधा विचार त्यामागे असावा.

तैवानमध्ये २०१७ मध्ये एक छोटा पण भन्नाट प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या ३० वयस्कर महिला. निम्म्या जणींनी १२ आठवडे आठवड्यातून दोनदा फक्त जिना चढायचा, वरून खाली लिफ्टने यायचं. उरलेल्या निम्म्या जणींनी लिफ्टने वर जायचं आणि फक्त उतरायचं. शेवटी उतरणाऱ्या गटाची मांडीची ताकद, हाडांची घनता, साखर आणि इन्सुलिनची स्थिती, सगळ्यांत जास्त सुधारणा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन अडवून धरतो, ब्रेक लावल्यासारखा. या प्रकारच्या कामात स्नायू कमी दमतो आणि जास्त घडतो.

पण गुडघा? ते मोजणारा सेन्सर तर थेट गुडघ्याच्या आत बसवलाय. बर्लिनमध्ये काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच बळ मोजणारी यंत्रणा घातली होती. २०१० मध्ये त्यांचे आकडे आले. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार, जिना चढताना ३.२ पट, उतरताना जवळपास साडेतीन पट. ६० किलोच्या बाईच्या एका गुडघ्यावर उतरताना प्रत्येक पायरीला दोनशे किलोंहून जास्त. निरोगी सांध्याला याची सवय असते. झिजलेल्या सांध्याला नसते. आजी जिना उतरताना कठडा धरून आडव्या होऊन उतरतात तो यासाठी. म्हणजे ज्या भागात सगळ्यात जास्त फायदा आहे आणि सगळ्यात जास्त धोकाही आहे, नेमका तोच भाग घड्याळाच्या मुख्य आकड्यात नाही.

चाळ पडली, जिना गेला

आता आपल्या गल्लीत येऊ. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या बीआयटी चाळी, १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी, गिरण्यांच्या आसपासच्या खासगी चाळी. या सगळ्यांनी कामगारांच्या तीन-चार पिढ्यांना रोज जिना चढायला लावला. हौस म्हणून कुणी चढलं नाही. (मराठीत जिन्याला 'दादर' असाही एक जुना शब्द आहे, हे दादरला राहणाऱ्या कित्येकांच्या गावी नसतं.) बीडीडीची इमारत म्हणजे तळमजला आणि वर तीन मजले, १६० चौरस फुटांच्या ८० खोल्या, लिफ्ट नाही.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फूट, चाळीस मजली टॉवर. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर काम सुरू आहे. घोडपदेवमध्ये हा बदल आधीच झालाय : न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाचे चोवीस मजली टॉवर उभे आहेत. तिसऱ्या मजल्यावरची माणसं अठराव्या मजल्यावर गेली. आणि जिना वापरायचं थांबली, कारण अठरा मजले कुणी रोज चढत नाही.

टुलेनच्या त्याच अभ्यासात एक आकडा आहे जो रीलवाले सांगत नाहीत. काही लोकांना काही वर्षांनी पुन्हा विचारलं होतं. आधी जिना चढणारे पण नंतर बंद केलेले जे होते, त्यांचा धोका कधीच न चढणाऱ्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा घेऊन 'टॉवरमध्ये गेलात की हार्ट अटॅक' असं लगेच ओरडू नका. लोक जिना चढणं थांबवतात ते बरेचदा आधीच आजारी पडलेले असतात म्हणून. तब्येत बिघडली म्हणून जिना सुटला की जिना सुटला म्हणून तब्येत बिघडली, हे असल्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. पुन्हा तीच कंडक्टरच्या पँटची गोष्ट.

पण मग विचार करा : वरळीत शेकडो कुटुंबांनी एकाच वेळी जिना सोडला, आणि तो आजारी पडले म्हणून नाही, लॉटरी आणि चाव्या मिळाल्या म्हणून. जिना सुटल्यावर शरीराचं काय होतं हे तपासायला यापेक्षा चांगली संधी मिळणं अवघड. हजार-पंधराशे लोकांच्या मांडीला आठवडाभर सेन्सर, रक्तदाब, साखर, आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच. नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गाच्या उरलेल्या चाळी पडायच्या आत हे केलं तर जमेल. मुंबईत परळसारख्या वस्तीत मोठी सरकारी रुग्णालयं आणि वैद्यकीय कॉलेजं हाकेच्या अंतरावर आहेत. आधीची मोजणी हुकली तर नंतरच्या मोजणीला अर्थ नाही.

लिफ्टला शिव्या घालायचंही कारण नाही. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, गुडघे गेलेली म्हातारी माणसं महिनोन् महिने खाली उतरत नाहीत. डॉक्टरकडे न्यायचं तर चौघं खुर्चीत बसवून उतरवतात. त्यांच्यासाठी लिफ्ट म्हणजे देऊळ, बाजार, कट्टा पुन्हा मिळणं, म्हणजे चालणं पुन्हा सुरू होणं. एकाच लिफ्टने चाळिशीतल्या मुलाच्या हालचाली कमी होतात आणि सत्तरीतल्या आईच्या वाढतात. आणि जिना टॉवरमधूनही जात नाही, फक्त विसरला जातो. २०२३ मध्ये न्यू हिंद मिलच्या आवारातल्या म्हाडाच्या एका टॉवरला पहाटे आग लागली तेव्हा अग्निशमन दलाने शंभरहून जास्त रहिवाशांना जिन्यानेच सुखरूप काढलं. त्या पहाटे तो जिना रोजच्या सवयीचा किती जणांना होता, हा प्रश्नच आहे.

जिना कुणाचा, हेही बघा

टॉवरमध्ये आजही रोज जिना चढणारी माणसं आहेत. काही इमारतींत डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत, जुन्या इमारतींत लिफ्टच नसते. त्यांच्या खिशात तर सेन्सरवाला फोन कायम असतो. ॲपला त्यांचं लोकेशन, वेळ, वेग सगळं कळतं. पैसे ठरतात अंतरावर आणि ऑर्डरवर. चौथा मजला त्यात नाही.

मग दिवसाला शंभर मजले चढणारा हा मुलगा आपल्यापेक्षा निरोगी असायला हवा ना? तसं सरळ नाही. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून जास्त लोकांवर झालेल्या २०२१ च्या अभ्यासात उलटं दिसलं. फावल्या वेळात केलेल्या हालचालींनी धोका कमी होत होता, पण कामावरच्या अतिकष्टाच्या हालचाली करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त होता. विश्रांती नाही, वेग स्वतःच्या हातात नाही, ओझं आहे, रक्तदाब तासन् तास चढलेला. जिना तोच, पायऱ्या त्याच, घड्याळातला आकडाही तोच. फरक हा की मधे थांबायची मुभा कुणाला आहे.

तुमच्या फोनमध्ये काय बघाल?

मजल्यांच्या आकड्यापेक्षा कामाची एक गोष्ट आयफोनवाल्यांच्या हेल्थ ॲपमध्ये पडून असते आणि फार कुणी ती उघडत नाही. २०२० पासून ॲपल वॉच घालणाऱ्यांसाठी तिथे जिना चढण्याचा वेग आणि उतरण्याचा वेग वेगवेगळा नोंदवला जातो. मजल्यांच्या हिशेबात नसलेलं उतरणं निदान इथे सापडतं. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही. सहा महिन्यांचा आलेख बघा. वेग हळूहळू घसरत असेल आणि कारण माहीत नसेल, तर डॉक्टरांना दाखवण्यासारखी ती गोष्ट आहे. आईवडिलांच्या बाबतीत उतरण्याचा वेग आधी बघा.

घड्याळ नसेल तर स्पेनमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०२० मध्ये मांडलेली चाचणी आहे. चार जिने, म्हणजे ६० पायऱ्या, न थांबता, पळत नाही पण भरभर. एका मिनिटाच्या आत झाल्या तर हृदय ठीक चाललंय असं मानायला जागा आहे. दीड मिनिटाहून जास्त लागला तर तपासून घ्या. हा अभ्यास १६५ रुग्णांवरचा आहे, तेव्हा निकाल लागला म्हणून घाबरू नका किंवा मिरवूही नका. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, हृदयाचा जुना त्रास असेल, तर ही चाचणी घरी करायची नाही.

आणि सेन्सर यायच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर हेच मोजतायत. कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर विचारतात, "न थांबता दोन जिने चढता का?" हृदय ऑपरेशनचा ताण झेपवेल का, याचा अंदाज त्यावरून बांधतात. आपल्याकडची म्हातारी माणसं या प्रश्नाला सवयीने "हो, चढतो की" म्हणतात आणि मधल्या चौकात कठड्याला टेकून दोन मिनिटं श्वास घेतलेला सांगायचा राहून जातो. सोबत गेलेल्याने तो सांगावा.